आधी आवाज

मातोझिन्युशला, सिकेइरा बंधूंच्या सार्डीन कारखान्यात
तळघराची चावी कुश्तोदियाबाईंकडे होती.
एकतीस वर्षं.
दार उघडलं की खाऱ्या हवेनं हिरवट पडलेल्या तांब्याच्या तारा,
जोडीजोडीनं,
आणि प्रत्येक जोडीच्या गळ्यात बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी:
गोदी. लिलाव. डबे भरणाऱ्या बायका.
धाकटे मालक, सकाळी नको.

मी हे सगळं काढायला आलो होतो.
करारात लिहिलं होतं, दोन जाळ्यांचं एक करणे,
फोनचं बिल निम्म्यावर आणणे.
हिशेबाची तार वेगळी, निळी, परवा परवा टाकलेली,
आणि थोरले सिकेइरा म्हणाले होते,
एका घरात दोन चुली कशाला?

बाई मेजाला टेकून बघत होत्या.
मी म्हटलं, आता बोलण्याचेही तुकडे होतील,
सेकंदाला पन्नास, प्रत्येकावर पत्ता,
ज्या तारेतून बिलं जातात, पगार जातो, त्याच तारेतून जातील.
त्या म्हणाल्या,
आणि वाटेत गर्दी झाली तर
अंग कोणी चोरायचं?

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं.
गिऱ्हाईक विचारतं, वाचतील किती.

जमेल तसं सांगितलं.
आकडा हरवला तर पलीकडचं यंत्र पुन्हा मागून घेतं,
उशिरा पोचला तरी आठ तो आठच.
शब्द हरवला की हरवला.
आणि मागे राहिलेला शब्द तर यंत्र आतच घेत नाही,
दारातून टाकून देतं,
वाक्य तोवर पुढे गेलेलं असतं.
म्हणून आवाजाला आधी सोडायचं,
हिशेबानं थांबायचं.

"हे तुझ्या यंत्राला कळतं?"
"नाही. मी त्यात लिहून ठेवतो."
"मग नीट लिही."

शुक्रवारी, ऐन लिलावाच्या वेळी,
बेलार्मिनुनं वरच्या मजल्यावरून
अख्ख्या महिन्याचा हिशेब पोर्टोच्या कचेरीकडे ढकलला.
मुद्दाम. मीच सांगितलं होतं.
तार तुडुंब.
बाईंनी नव्या फोनवरून गोदीत फिर्मिनुला लावला.
बावीस पेट्या, तो ओरडला, जाड मासळी, घेऊ का?
त्याच्या पाठीमागे बर्फ फुटत होता,
घमेलं आपटलं, कुणीतरी कुणाची आई काढली,
एक अक्षर तुटलं नाही.
जिन्यावरून बेलार्मिनु:
माझं अडकलंय! बासष्टावर अडकलंय!
बाई हसल्या, फोनवर हात ठेवून.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
हिशेबखातं आमच्यासाठी थांबलं.

मग त्यांचं हसू गेलं.
फिर्मिनु गप्प झाला की बर्फही गप्प होत होता.
राहायची नुसती बारीक खरखर.
समुद्र का हा?
नाही, मी म्हटलं. कुणी बोलत नसलं की
यंत्र काहीच पाठवत नाही, जागा वाचते.
पण एवढी शांतता कानाला सोसत नाही,
माणसाला वाटतं, फोन मेला.
म्हणून ही खरखर इथलीच,
तुमच्या हातातल्या फोननं केलेली.

बाई म्हणाल्या,
जुन्या तारेवर तो बोलायचा थांबला ना,
की मला कळायचं
बोट भरून आलीये का रिकामी.

त्या रात्री मी एक ओळ खोडली.
गोदीच्या फोनपुरती.
बिल निम्म्याच्या जरा वर राहिलं,
थोरल्यांनी ते पाहिलं, चष्मा पुसला, सही केली.

तांब्याची एक जोडी तेवढी ठेवली,
नियमच आहे, आगीच्या घंटेसाठी.
तिला चिठ्ठी नव्हती.
सोमवारी हत्यारं न्यायला आलो तर होती.
वीज गेली तर,
एवढंच लिहिलेलं.

आणि तळघराची चावी?
ती करारात नव्हती.